शिडीजवळचं पाणी

"काका, त्या दिवशी तुम्हाला घाम आला होता ना?"

संदेशने हे चहाची बशी टीपॉयवर ठेवता ठेवता विचारलं. इतक्या सहज, की तो पंख्याबद्दल बोलतोय असं मला वाटलं. आमच्या हॉलमधला पंखा पाहुणे आले की मुद्दाम हळू फिरतो. मी वरणभाताची वाटी घेऊन माझ्या लेकीच्या, शिवानीच्या मागे होते आणि ती दारात बसून संदेशच्या बुटात हात घालत होती.

"कुठल्या दिवशी?" आई आतून म्हणाल्या. "ह्यांना बाराही महिने घाम येतो. लग्नात अंतरपाट भिजवलेला."

संदेश हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या हातातला कागद घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि एकाच ओळीकडे बराच वेळ बघत राहिले.

बाबा म्हणजे माझे सासरे, मारुती धामापूरकर. तेहतीस वर्षं रोज सकाळी सहा चाळीसला ते घरडा सर्कलवरून ऑफिसची बस पकडायचे आणि साइटवर जायचे. साइटचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, नुसतं साइट म्हणतात. तिथे एक खोल टाकी आहे. अणुभट्टीत वापरून झालेले युरेनियमचे दांडे वर्षानुवर्षं त्या टाकीत पाण्याखाली उभे करून ठेवलेले असतात. वापरून झाले तरी ते शांत झालेले नसतात, म्हणून वर पाणी. त्या पाण्याची रोज तपासणी करणं हे बाबांचं काम. पदाचं नाव मोठं होतं, पण विचारलं की ते सांगायचे, "पाणी बघतो."

घरातल्या कुणीही ती टाकी पाहिलेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की एवढ्या वर्षांत निदान एखादा फोटो असेल. नाही. टाकीची सगळी माहिती आम्हाला बाबांच्या सवयींवरून. बाटली भरायची तर आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, चौथ्यांदा भरायची. ते शिवानीचा सिपरही तसाच भरतात, आणि दर वेळी आई म्हणतात, "नगरपालिकेला कळलं तर नळ कापतील." बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही. वहीत आकडा चुकला तर गिरवायचा नाही, खाडाखोड करायची नाही, एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो, आणि शेजारी सही. आमच्या किराण्याच्या यादीतसुद्धा अशा रेघा आणि 'मा. धा.' अशा सह्या असतात.

आणि शिवानी. ती चार दिवसांची होती, मला तिला उचलायची भीती वाटायची. सुशांत, माझा नवरा, तर हात मागे बांधूनच उभा राहायचा. बाबांनी दोन्ही तळवे तिच्या खाली सरकवले आणि सगळीच्या सगळी वर घेतली. "वरून ओढायचं नाय गो," ते म्हणाले, "कुठलीपण नाजूक वस्तू खालून घ्यायची." मला वाटलं, कोकणातलं काही शहाणपण असेल. ते साइटवरचं होतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते सहा चाळीसला घरडा सर्कलला जातात. आता शिवानीला कडेवर घेऊन. बस येते, ड्रायव्हर हॉर्न देतो, शिवानी टाटा करते, मग दोघं दूध घेऊन घरी. गेल्या महिन्यात बातमी आली होती की नवीन मुलांना पाण्याचे नमुने घ्यायला शिकवायचंय, दोन वर्षांच्या करारावर त्यांना परत बोलावणार. त्या संध्याकाळी बाबांनी मानपाडा रोडच्या शिंप्याकडे दोन निळे शर्ट शिवायला टाकले. डाव्या खिशावर बॅज अडकवायला वेगळी पट्टी शिवून घेतली. आत किती किरणं लागली हे मोजणारा तो छातीवरचा बॅज. शिंप्याने तीनदा पट्टी चुकवली आणि बाबांनी तीनदा उसवायला लावली. शर्ट कपाटात हँगरला होते. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या.

"कल्पिता, बस ना तू पण," संदेश मला म्हणाला. तो बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याच जागेवर इन्चार्ज. बाबा त्याला अजून 'संद्या' म्हणतात. "काकांना समजाव जरा. एका ओळीचं काम आहे."

ते काम असं होतं. टाकीतला एक जुना दांडा, सात नंबर, गळत होता. तीन वर्षांपूर्वी पाण्यात पहिल्यांदा त्याची खूण सापडली, आणि ती बाबांनीच पकडलेली. आता पुढच्या महिन्यात तो काढायचा होता. काढण्याआधी कमिटी सगळी जुनी रजिस्टरं चाळत होती, आणि बावीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या एका पानावर अडली होती. पाण्यातल्या मिठाचा आकडा, दोन पॉइंट चार. त्यावर एक आडवी रेघ. शेजारी शून्य पॉइंट शून्य सहा. सही, मा. धा.

"अख्ख्या तेहतीस वर्षांत तुमची ही एकच रेघ आहे काका," संदेश म्हणाला. "कारण लिहिलेलं नाही. फक्त लिहून द्या, हातमोजा फाटला होता, घामाचं मीठ नमुन्यात गेलं, म्हणून पहिला आकडा रद्द केला. विषय संपला. तिकडे तुमची ऑर्डर टाइप होऊन पडलीये. उगाच फायलीवर शेरा आला तर अडकेल."

"मोजा फाटलाच होता," बाबा म्हणाले. "अंगठ्याला."

"मग झालं की!"

बाबांनी कागदाची घडी घातली. "काढताना टाकीवरच्या पुलावर कोण उभं राहणार?"

"मी. आणि दोघं जण."

"मानेला धरून?"

"तीनच वर्षं गळतोय ना. अजून कडक असणार. वरच्या टोकाला, मानेला, चिमटा लावायचा आणि वर घ्यायचा. खालून टोपली द्यायची तर वेगळी टोपली बनवावी लागेल, पंधरा दिवस जातील. साहेब नको म्हणतायत."

"हं," बाबा म्हणाले. "उद्या बसवर देतो."

संदेश गेला. जाताना त्याच्या डाव्या बुटात शिवानीने ठेवलेला भाताचा घास त्याला जिन्यात सापडला असावा, कारण खालून मोठ्याने "अगं ए शिवडे!" ऐकू आलं.

दुपारी शिवानी झोपली. आई जरा आडव्या झाल्या होत्या. बाबा जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले होते आणि एक तास झाला तरी तो कोराच होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे. मी सांगतो, तू लिही. माझा हात हलतो हल्ली."

मी पेन घेतलं. ते कागदाची कड नखाने सरळ करत राहिले.

"बाबा, एका ओळीचं काम आहे ना?"

"एका ओळीचं नाय." ते उठले, बाल्कनीतून एक नारळ घेऊन आले. गावाहून आलेल्या पोत्यातला, आईंनी बाजूला काढलेला. माझ्या हातात दिला. "कसा वाटतो?"

"हलका."

"बाहेरून बघ."

बाहेरून चांगला होता. फिरवून फिरवून पाहिल्यावर देठाशी करंगळीएवढं भोक दिसलं.

"उंदराने माडावरच खाल्लाय. बाहेरून एवढंच दिसतं." ते खुर्चीत बसले. "आता ऐक. हे काय गुपित नाय, पुस्तकात आहे. दांडा असतो युरेनियमचा, त्याच्यावर अॅल्युमिनियमची साल. साल धड आहे तोपर्यंत पाणी दोस्त. म्हणून पाणी चोख ठेवायचं. त्यात मीठ आलं ना, तर मीठ सगळीकडे सारखं नाय चावत. एक जागा पकडतं आणि तिथेच टोचत बसतं. टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. त्यातनं पाणी आत गेलं की खेळ सुरू."

"गंजतं?"

"गंजतं, पण लोखंडासारखं नाय. युरेनियम पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि हायड्रोजन सोडतं. तो हायड्रोजन बाहेर पडायला बघतो, पण भोक केवढं? मग तो परत त्याच धातूत घुसतो. धातूची पूड होते. काळी, बारीक, काजळासारखी. आणि पुडीला धातूपेक्षा जागा जास्त लागते. तू साबुदाणा भिजवतेस, डबा भरून वर येतो की नाय? तशी ती साल आतून फुगते, उसवते. उसवली की आणखी पाणी."

"पण मग लगेच कळायला हवं ना?"

"तेच तर. उघड्या पाण्यात हवा विरघळलेली असते, तिथे हळू चालतं हे. आतल्या कोंडलेल्या पाण्यात हवा संपते, तिथे जोरात. वरून बघणाऱ्याला काय दिसणार? कधीतरी एखादा बुडबुडा. कधी ती पूडच भोकात बसते, भोक बंद. वर्षानुवर्षं पाणी स्वच्छ. दांडा आत पोकळ होत चाललेला असतो." त्यांनी नारळ परत घेतला आणि टेबलावर ठेवला. "तीन वर्षांचा दांडा मानेला धरून उचलता येतो. बावीस वर्षांचा नाय येणार. मान हातात येईल, बाकीचा खाली तुकडे. आणि जी पूड पाण्याबाहेर आली, तिला हवा लागली, तर ती पेटू शकते. आपोआप. आणि पुलावर संद्या."

आता मला कळलं की तासभर ते कशापाशी अडले होते.

"मग पहिला आकडा खरा होता?"

"ते मला माहीत नाय," बाबा म्हणाले. "तेच लिहायचंय. तू लिही."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. आवाज अगदी सरळ, वही वाचून दाखवावी तसा.

त्या दिवशी नमुना नेहमीप्रमाणे टाकीच्या लांबच्या टोकाला, सात नंबरच्या कोपऱ्यात घेतला. प्रयोगशाळेत त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पाणी दुधाळ झालं. चोख पाणी काचेसारखं राहतं. माझ्या उजव्या हातमोज्याचा अंगठा फाटलेला होता, हवा दमट होती, मला घाम आला होता. घामाच्या मिठानेही पाणी तसंच दुधाळ होतं. म्हणून नियमाप्रमाणे दुसरा नमुना घ्यायला गेलो.

इथे ते थांबले. स्वयंपाकघराच्या दाराशी बांगड्या वाजल्या. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही.

"लिही," बाबा म्हणाले. "दुसरा नमुना मी त्याच कोपऱ्यातून घेतला नाही. तिथपर्यंत पुलावरून जायला आणि यायला वीस मिनिटं लागतात. मी तो शिडीजवळ घेतला. शिडीजवळ शुद्ध केलेलं पाणी टाकीत परत येतं. तिथलं पाणी कायम चोख असतं. हे मला माहीत होतं."

"वीस मिनिटं नव्हती तुमच्याकडे?" मी विचारलं. मला वाटतं मी जरा कठोरपणे विचारलं.

"दुपारची बस होती. ती चुकली असती तर मग संध्याकाळची."

"मे महिना," आई दारातूनच म्हणाल्या. "बावीस वर्षांपूर्वीचा."

बाबांनी टेबलावरचा नारळ जरा बाजूला सरकवला.

"सुशांतला आकडी आलेली तापात. डोळे वर गेलेले त्याचे." आईंनी तांब्या टेबलावर ठेवला. "मी शेजारच्या रंभावहिनींच्या घरनं साइटवर फोन केला. ह्यांना तिथे फोनवर घेतलं, आणि मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता या, नायतर पोर दिसणार नाय तुम्हाला. असंच म्हटलं मी."

"ताप उतरला दुसऱ्या दिवशी," बाबा म्हणाले. "पण मी चार दिवस रजेवर होतो. माझ्या जागी जो होता, तो शिडीजवळच नमुने घ्यायचा. मी परत गेलो तेव्हा कोपऱ्यातलं पाणी साफ होतं. मग मी स्वतःला म्हटलं, घामच होता."

"बावीस वर्षं तुम्ही मला बोलला नाय."

"काय बोलू? तू फोन केला म्हणून?"

आई खुर्ची ओढून बसल्या. हलका नारळ त्यांनी हातात घेतला, उगाच फिरवला. मी पेन धरून बसले होते. खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं आणि ते गाणं संपेचना.

"हे दिलं तर बोलावतील तुम्हाला?" आईंनी विचारलं.

"नाय बोलावणार. ज्याने शिडीजवळ नमुना घेतला त्याला नमुना घ्यायला शिकवायला कोण बोलावेल?"

"घाम लिहिलं तर?"

"तर बोलावतील."

"शर्ट शिवून ठेवलेत दोन," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, आणि नेहमी मला भाजी चिरायला सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या, "काय बघतेस गो? ते म्हणतायत ते लिही. आणि त्यात हेपण लिही, बायकोने फोन केलेला."

"ते नाय लिहायचं," बाबा म्हणाले.

"का? खरं नाय?"

"खरं आहे. पण बाटली माझ्या हातात होती."

शेवटची ओळ त्यांनी एकदा बदलली. मी जुन्या ओळीवर गिचमिड करणार होते, तर त्यांनी माझा हात धरला. एकच आडवी रेघ. शेवटी राहिलं ते असं: 'त्यामुळे शून्य पॉइंट शून्य सहा हा आकडा त्या कोपऱ्याचा धरू नये. दोन पॉइंट चार खरा असू शकतो. दांडा त्या वर्षापासून उघडा आहे असं धरूनच उचलावा, खालून.' खाली त्यांनी स्वतः सही केली, पूर्ण नावाची. रेघेशेजारी छोटी, मा. धा.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ते पाकीट बसच्या खिडकीतून संदेशला देऊन आले. संध्याकाळी संदेशचा फोन आला. आम्हाला बाबांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "हो. हो, मीच सांगितलं. नाय, शुद्धीत होतो." मग बराच वेळ पलीकडचं ऐकून, "संद्या, तुला पोरं दोन आहेत. मुकाट्याने टोपली बनवून घे."

पुढचे काही आठवडे काहीच घडलं नाही. एकदा कमिटीतल्या कुणा साहेबांनी त्यांना फोनवर सगळं पुन्हा विचारलं. बाबा उभ्यानेच बोलले. कराराचं पत्र आलं नाही, येणार नाही असंही कुणी कळवलं नाही. सुशांतला सगळं मी सांगितलं, तो नुसता "मला आठवतच नाही गं" म्हणाला आणि त्या रविवारी बाबांसोबत बाजारात गेला, एरवी जात नाही. कल्याणहून दुसऱ्याच कुणी निवृत्त गृहस्थ शिकवायला जायला लागले, हे बाबांनीच एकदा दूध तापवताना सांगितलं. "चांगला माणूस आहे," म्हणाले. "हात स्थिर आहे त्याचा."

सात नंबर कधी काढणार हे त्यांना माहीत नव्हतं. आता ते विचारायचा हक्कही नव्हता. तरी ते रोज सकाळी जात होते.

मग परवाचा गुरुवार. उठून बघते तर बाबा आरशासमोर, अंगात नवा निळा शर्ट.

"आज काय?" आईंनी विचारलं.

"काय नाय. कपाटात ठेवून कसर लागेल."

डाव्या खिशावरच्या पट्टीत शिवानीचा रुमाल अडकवलेला होता, सेफ्टीपिनने. दोघं निघाले आणि सिपर टेबलावरच राहिला, म्हणून मी तो घेऊन मागून धावले. घरडा सर्कलला पोचले तेव्हा बस येत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. शिवानी खाली उभी राहून बाबांचं बोट धरून टाटा करत होती. एरवी बस नुसती हळू होते, त्या दिवशी थांबली. आमच्या स्टॉपवर चढणारं आता कुणी नाही, तरी थांबली.

तिसऱ्या खिडकीत संदेश होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तो काही बोलला नाही. बसमध्ये साइटचे लोक असतात, बोलायचं नसतं. त्याने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले, तळवे वर करून जोडले, ओंजळ करतात तसे, आणि सावकाश वर उचलले. पार कपाळापर्यंत. मग एका हाताने आपली मान पकडली आणि बोटं झटकली, काहीतरी भुगा होऊन गळून पडावं तशी.

बाबांनी मान हलवली. एकदाच.

बस गेली. मी जवळ जाऊन विचारलं, "बाबा, काय म्हणाला?"

"काय नाय. इकडे आलास तर चहाला ये म्हणालो त्याला." ते काहीही म्हणाले नव्हते. रस्त्याकडे बघत राहिले, बस कोपऱ्यावर वळेपर्यंत. "चल, दूध संपेल."

शिवानी पाय आपटायला लागली, उचल उचल. त्यांनी माझ्या हातून सिपर घेतला, नव्या शर्टाच्या खिशात बसतो का पाहिला, बसला नाही, परत मला दिला. मग वाकले, दोन्ही तळवे तिच्याखाली सरकवले आणि तिला सगळीच्या सगळी वर घेतलं.